कराडच्या घरातलं अडखळणारं नेट: कुठला डीएनएस लावला आणि का

"अगं, नेट आहे पण चालत नाही." मावशीनं फोनवर एवढंच सांगितलं आणि निम्मं दुखणं मला तिथंच कळलं. खात्री करायला चार प्रश्न विचारले. व्हॉट्सअ‍ॅप येतंय का? येतंय. मालिका अडकते का? सुरू व्हायला वेळ लागतो, पण एकदा सुरू झाली की शेवटपर्यंत नीट चालते. मग अडतं कुठं? बँकेचं पान, पेपरचं पान, पोरीच्या अभ्यासाची साइट, काहीही नव्यानं उघडायला गेलं की चक्र फिरत राहतं. पाच-दहा सेकंद काहीच होत नाही आणि मग सगळं पान एकदम समोर येतं. सकाळी असं नसतं, दिवेलागणीनंतर सुरू होतं.

घर कराडचं. घरात निवृत्त शिक्षिका असलेली मावशी, काका, माझा मावसभाऊ, वहिनी, त्यांची दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. नेट गावातल्याच एका केबलवाल्याचं, फायबरचं. तक्रार केल्यावर तिथून उत्तर मिळालं होतं की घरात माणसं जास्त आहेत, प्लॅन वाढवा. भावानं ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेतला, दोन महिने जास्तीचे पैसे भरले आणि अडखळणं होतं तसंच राहिलं. मला सगळ्यात वाईट याचं वाटलं. तोटी अडकली होती आणि त्यांनी मोठी टाकी विकत घेतली.

मी पुण्यात नेटवर्कचंच काम करते. दिवाळीत चार दिवस कराडला राहिले, तेव्हा हे प्रकरण हातात घेतलं. इथं ते सविस्तर लिहितेय, कारण 'सगळ्यात वेगवान फुकट डीएनएस कुठला' याच्या याद्या पुष्कळ सापडतात, पण एका खऱ्या घरासाठी निवड करताना काय काय आडवं येतं ते त्या याद्यांत नसतं.

आधी निदान

आपण साइटचं नाव टाकतो, पण यंत्रांना लागतो आकड्यांचा पत्ता. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ती आखली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत लिहिलेली असत आणि ती फाइल जो तो आपल्याकडे उतरवून घेत असे. आता आपला फोन प्रत्येक नव्या नावासाठी आधी एका सर्व्हरला विचारतो आणि उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही. हा सर्व्हर बहुतेक घरांत केबलवाल्याचाच असतो, कारण फायबरच्या डब्यात त्याचाच पत्ता भरलेला येतो.

मावशीची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळत होती. व्हॉट्सअ‍ॅपचं कनेक्शन दिवसभर उघडंच असतं, त्याला सारखं नाव विचारावं लागत नाही. मालिकेचंही तसंच, सुरुवातीला नावं विचारून झाली की पुढं फक्त चित्रं वाहत येतात. अडतं ते नव्या दाराशी.

तरी अंदाजावर औषध द्यायचं नाही. रात्री नऊला, म्हणजे अख्ख्या गल्लीचे टीव्ही आणि फोन सुरू असताना, भावाचा लॅपटॉप घेऊन बसले. आधी गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग लावला, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारत राहिले. ओळीनं उत्तरं आली, एकही गळलं नाही. म्हणजे तार ठीक, रस्ता ठीक. मग नावाचा पत्ता विचारणारी 'एनएसलुकअप' ही आज्ञा उघडून केबलवाल्याच्या डीएनएसला थेट नावं विचारायला लागले. पहिलं नाव लगेच आलं. दुसऱ्याला काळ्या पडद्यावर ओळ उमटली: 'डीएनएस रिक्वेस्ट टाइम्ड आउट. टाइमआउट वॉज २ सेकंड्स.' थोड्या वेळानं तीच ओळ पुन्हा. वीस नावं विचारली, त्यातली सात पहिल्या खेपेला आलीच नाहीत. भाऊ शेजारी बसून बोटांवर मोजत होता. "ताई, म्हणजे आपला प्लॅन कधी कमी नव्हताच?" नव्हताच. सकाळी साडेसहाला तीच वीस नावं विचारली, तर वीसच्या वीस आली, तीही चार-पाच मिलिसेकंदांत. संध्याकाळच्या गर्दीत त्या सर्व्हरचा जीव पुरत नव्हता.

एक गोष्ट आणखी तपासायची होती. काही ठिकाणी तुम्ही कुठलाही डीएनएस लावा, मधला माणूस ती विचारणा परस्पर अडवून स्वतःच उत्तर देतो. मग सगळी निवड कागदावरच राहते. हे काल्पनिक नाही. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटर बंद केलं गेलं, तेव्हा लोकांनी भिंतींवर ८.८.८.८ रंगवून एकमेकांना वाट सांगितली होती. पुढं काही दिवसांतच तिथल्या कंपन्यांनी त्याच पत्त्याच्या नावानं स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि गूगलनं तसं जाहीर सांगितलं. आपल्या घरी असं काही होतंय का हे ओळखायला एक साधी युक्ती आहे. १९२.०.२.१ हा पत्ता पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथं कुणीच राहत नाही. या पत्त्याला डीएनएस समजून एखादं नाव विचारायचं. उत्तर आलंच तर मधे कुणीतरी बसलेलं आहे. कराडला उत्तर आलं नाही. रस्ता मोकळा होता.

सहा पत्ते आणि एका रस्त्याची गोष्ट

वहीत सहा सेवा लिहिल्या. गूगल: ८.८.८.८, डिसेंबर २००९ पासून. क्लाउडफ्लेअर: १.१.१.१, १ एप्रिल २०१८ पासून. क्वाड९: ९.९.९.९, नोव्हेंबर २०१७ पासून. ओपनडीएनएस: २०८.६७.२२२.२२२, ही यांतली सगळ्यात जुनी, २००६ ची. शिवाय अ‍ॅडगार्ड आणि क्लीनब्राउझिंग या नको त्या साइटी गाळणाऱ्या सेवा, कारण घरात मुलं होती.

वीस नावंही घरातलीच घेतली. बँक, महावितरण, एसटीचं आरक्षण, बोर्डाची साइट, दोन पेपर, वहिनीच्या पाककृती आणि मुद्दाम एका छोट्या पतसंस्थेची साइट. ही शेवटची का, तर मोठ्या सेवेला असंख्य लोक विचारत असतात, त्यामुळे नेहमीची नावं तिला तोंडपाठ असतात आणि उत्तर लगेच येतं. क्वचित कुणी विचारतं असं नाव घेतलं की मगच तिला स्वतः चौकशी करावी लागते आणि खरा वेळ कळतो. नुसत्या प्रसिद्ध साइटींवर चाचणी घेतली की सगळेच पहिल्या नंबरात पास होतात.

तीन संध्याकाळी मोजलं. चार सेवा दहा ते पंधरा मिलिसेकंदांत उत्तर देत होत्या, पाचवी तीसच्या आसपास, सहावी सत्तरच्या वर. सहावीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यात तिचा दोष नव्हता. या सगळ्या सेवा एकच पत्ता जगभरातल्या अनेक ठिकाणांहून जाहीर करतात आणि तुमची विचारणा कुठल्या ठिकाणी पोचेल हे तुमच्या केबलवाल्याच्या वरची कंपनी ठरवते. विचारणा कुठून कुठून जाते ते दाखवणारं ट्रेसरूट लावल्यावर दिसलं की पाच जणांकडची वाट मुंबईला जातेय आणि सहावीकडची सिंगापूरला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. कराड ते मुंबई रस्त्यानं ३०० किलोमीटर धरले तर जाऊन येऊन तीन मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेतच ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला निदान चाळीस. त्याखाली कुणीच येऊ शकत नाही. शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीचं नेट असेल तर तिथं हीच सेवा पहिली येईल आणि दुसरी कुठली तरी मागे पडेल. म्हणून दुसऱ्याच्या घरातल्या आकड्यांची यादी आपल्या घरी फारशी कामाची नसते.

आणखी एक भीती होती ती सामन्यांची. काका क्रिकेटचा एक चेंडू सोडत नाहीत. व्हिडिओ वाटणाऱ्या काही यंत्रणा, अकामाईसारख्या, डीएनएस विचारणारा कुठून विचारतोय ते पाहून जवळचा सर्व्हर सुचवतात. गूगलचा डीएनएस तुमच्या पत्त्याचा थोडा भाग पुढं कळवतो, म्हणजे सुचवणं अचूक होतं. क्लाउडफ्लेअर खासगीपणासाठी ते मुद्दाम कळवत नाही. क्वाड९ चा ९.९.९.९ कळवत नाही, पण ९.९.९.११ हा पत्ता कळवतो. ऐकायला हे गंभीर वाटतं, पण डीएनएसचा सर्व्हर मुंबईत आणि घर कराडला असेल तर फरक पडायला जागाच उरत नाही. फरक पडतो तो वाट सिंगापूरला जात असेल तर. म्हणून सहावी सेवा इथंच गळली.

उरलेल्या पाचांत वेगानं निवडण्यासारखं काही नव्हतं. दहा आणि पंधरा मिलिसेकंदांतला फरक माणसाला कळत नाही, वीसपैकी सात वेळा गप्प बसणं कळतं आणि या पाचांत कुणीच गप्प बसत नव्हतं. इथून पुढचा निर्णय वेगाचा नव्हता. घरातलं प्रत्येक माणूस दिवसभर कुठल्या कुठल्या दाराशी जातं त्याची पूर्ण यादी आपण कुणाच्या हाती देतोय, हा खरा प्रश्न होता.

"फुकट देतात, मग त्यांना काय मिळतं?"

हा प्रश्न मावशीनं विचारला. चकल्या तळता तळता विचारला, पण यापेक्षा नेमका प्रश्न त्या चार दिवसांत कुणी विचारला नाही. मी तिला एकेकाचं सांगितलं.

गूगलचा धंदा लोक नेटवर असण्यावर चालतो, नेट जलद तर धंदा मोठा. त्यांच्या धोरणानुसार तुमचा पूर्ण पत्ता असलेली नोंद २४ ते ४८ तासांत पुसली जाते, कायमच्या नोंदीत पत्ता नसतो. क्लाउडफ्लेअर लाखो साइटींना सेवा देते, त्यांची नावं तिच्याच यंत्रांवर असल्यानं उत्तर लवकर मिळतं आणि तेच तिच्या उपयोगाचं आहे. १.१.१.१ हा पत्ता आशिया-प्रशांत भागात पत्ते वाटणाऱ्या एपीनिक या संस्थेचा, संशोधनाच्या करारावर दिलेला. नोंदी २५ तासांत पुसतो असं कंपनी सांगते आणि केपीएमजी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडून तपासणी करून तिनं अहवालही प्रसिद्ध केला आहे. ओपनडीएनएस पूर्वी नाव चुकीचं टाकलं की जाहिरातींचं पान दाखवून कमाई करत असे. २०१४ मध्ये ते बंद झालं आणि २०१५ मध्ये सिस्कोनं ६३.५ कोटी डॉलरना ती कंपनी घेतली. आता कंपन्यांना सुरक्षा विकणं हा तिचा व्यवसाय आहे. क्वाड९ ही ना नफा तत्त्वावरची संस्था. आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाउस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांनी ती सुरू केली, २०२१ मध्ये स्वित्झर्लंडला हलवली. देणग्या आणि पुरस्कर्त्यांवर चालते आणि विचारणाऱ्याचा पत्ता नोंदवतच नाही असं सांगते.

मावशी म्हणाली, "म्हणजे कुणावर तरी विश्वास ठेवायलाच लागणार." हो. आणि डीएनएस बदलला म्हणून केबलवाल्याला दिसायचं थांबतं असंही नाही. साधी विचारणा ५३ नंबरच्या दारातून, म्हणजे पोर्टमधून, उघड्यावर जाते, पोस्टकार्डासारखी. ती बंद पाकिटात घालायची सोय वेगळी आहे, तिच्याकडं पुढं येते.

गाळणी

भावानं मुलांसाठी आधीच एक प्रयत्न केलेला होता. कुठंतरी वाचून त्यानं मुलाच्या टॅबमध्ये पहिला डीएनएस १.१.१.३ टाकला होता. क्लाउडफ्लेअरचा हा पत्ता घातक आणि प्रौढांच्या साइटी गाळतो, १ एप्रिल २०२० पासून आहे. दुसऱ्या जागी त्यानं ८.८.८.८ टाकला होता. "पहिला बंद पडला तर असू दे म्हणून." हेतू चांगला होता, पण दुसरा पत्ता राखीव खेळाडूसारखा बाकावर बसून राहत नाही. उपकरण दोघांतल्या कुणालाही विचारतं, आज याला, उद्या त्याला. त्यामुळे गाळणी कधी लागायची, कधी नाही, आणि भावाला वाटायचं की सेवाच बेभरवशाची आहे. मी टॅबवर त्याच्यासमोर एक नाव टाकून पाहिलं. उघडलं नाही. पाच मिनिटांनी तेच नाव उघडलं. त्याचा चेहरा पडला. दोन्ही जागांवर गाळणीचेच पत्ते हवेत, नाहीतर गाळणी नाहीच असं समजायचं.

गाळणी म्हणजे शेवटी दुसऱ्या कुणाचा तरी निवाडा. १.१.१.३ सुरू झाला त्या वेळी समलिंगी आणि तृतीयपंथी समूहांच्या माहितीच्या साइटीही त्यात अडवल्या गेल्या होत्या. कंपनीनं चूक जाहीर कबूल करून दुरुस्त केली, पण असं होऊ शकतं हे लक्षात ठेवायला हवं. माझी भाची दहावीला. विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा पाठ आहे, त्या वयात पडणारे प्रश्न तर पुस्तकाबाहेरचे असतात. तिला चांगल्या आरोग्यविषयक साइटी मिळाल्या पाहिजेत, हे माझं पक्कं मत होतं. म्हणून तिच्यापासून काही लपवलं नाही. तिला शेजारी बसवून सांगितलं की घराच्या नेटला गाळणी लावतोय, ही काय अडवते, काय नाही. ती म्हणाली, "आत्या, मोबाइल डेटावर तर सगळं उघडेलच ना?" उघडेल. ब्राउझरमध्ये वेगळा डीएनएस लावला तरी उघडेल. ही भिंत नाही, सहावीतल्या पोराच्या समोर चुकून काही येऊ नये म्हणून लावलेला पडदा आहे. मग आम्ही दोघींनी मिळून आरोग्याच्या दहा-बारा साइटी गाळणीतून उघडून पाहिल्या. सगळ्या उघडल्या. एखादी कधी अडली तर तिनं बाबाला किंवा मला सांगायचं, असं ठरलं.

अ‍ॅडगार्डचा मोह मला झाला होता. ९४.१४०.१४.१४ लावला की पुष्कळ जाहिराती मुळातच येत नाहीत आणि वहिनीच्या पाककृतींच्या पानांवर जाहिरातींचा नुसता चिखल असतो. तरीही अख्ख्या घराला तो लावला नाही. जाहिराती गाळताना कधी कधी खरेदीच्या दुव्यांसारखी एखादी कामाची गोष्टही अडते आणि ती का अडली हे शोधणारं माणूस १६५ किलोमीटरवर पुण्यात असतं. घरात छोटा संगणक ठेवून स्वतःची गाळणी चालवायचा विचारही याच कारणासाठी सोडला. जिथं दुरुस्ती करणारं कुणी नाही तिथं बिघडायला जागा कमीत कमी ठेवावी.

पत्ते कुठं टाकायचे

केबलवाल्याच्या डब्यात लॉगिन केलं तर बाहेरच्या बाजूची, म्हणजे वॅनची, पानं कुलूपबंद होती. आतल्या बाजूचं डीएचसीपीचं, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं, पान मात्र उघडं होतं. घरासाठी पहिला पत्ता क्लाउडफ्लेअरच्या गाळणीचाच, १.१.१.३, ठरवला होता. तिथं पत्ते टाकले की डबा स्वतः मधे न पडता प्रत्येक उपकरणाला थेट तेच पत्ते देतो. याचा एक मोठा फायदा झाला. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ही सेटिंग आहे आणि ती 'ऑटोमॅटिक'वर असेल तर मिळालेल्या सर्व्हरशी फोन आपणहून ८५३ नंबरच्या दारातून बंद पाकिटात बोलून पाहतो. डबा मधे असता तर फोनला समोर डबाच दिसला असता, आणि असल्या डब्यांना बहुधा पाकिटं येत नाहीत.

सेटिंग साठवलं, सगळी उपकरणं एकदा वायफायवरून काढून परत जोडली. लॅपटॉप झकास चालू लागला. पण संध्याकाळी मावशीच्या फोनवर पुन्हा चक्र. वहिनीच्याही. मी तासभर चुकीच्या जागी शोधत बसले. अखेर फोनच्या वायफायच्या तपशिलात खाली पाहिलं, तर डीएनएसच्या यादीत माझ्या पत्त्यांच्या वर एक लांबलचक आयपीव्ही६ पत्ता, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, बसलेला होता. तो केबलवाल्याचा. आयपीव्ही४ चं, म्हणजे जुन्या चार आकडी पत्त्यांचं, पान मी बदललं होतं, आयपीव्ही६ साठी डबा आपला जुनाच पत्ता वाटत होता आणि फोन त्यालाच आधी विचारत होते. लॅपटॉपमध्ये आयपीव्ही६ भावानं कधीतरी बंद केलेलं, म्हणून तिथं दुखणं दिसलं नाही. डब्यात त्याचं वेगळं पान होतं, तिथं क्लाउडफ्लेअरच्या त्याच गाळणीचे आयपीव्ही६ पत्ते भरले. गाळणी लावूनही ती 'चालत नाही' असं कुणी म्हणालं तर मी आता पहिल्यांदा हेच पाहते.

दुसरा पत्ता कुठला, यावर मी बराच विचार केला. सगळे जण एकाच सेवेचे दोन पत्ते टाकतात, १.१.१.३ बरोबर १.०.०.३. पण १४ जुलै २०२५ ला क्लाउडफ्लेअरच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे १.१.१.१ आणि १.०.०.१ हे दोन्ही ६२ मिनिटं जगभर बंद पडले होते. आपल्याकडं तेव्हा १५ तारखेची पहाट होती, म्हणून फारसा गाजावाजा झाला नाही. एकाच घरातले दोन भाऊ एकाच गाडीतून गेले तर दोघांनाही एकदमच उशीर होतो. म्हणून दुसऱ्या जागी ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्ड टाकला, २०८.६७.२२२.१२३. संस्था वेगळी, गाळणीचा हेतू तोच. कुणालाही विचारलं तरी प्रौढांच्या साइटी गाळल्या जातात आणि एक पडला तर दुसरा उभा राहतो. दोघांच्या याद्या हुबेहूब सारख्या नाहीत, त्यामुळे एखादी साइट आज अडेल आणि उद्या उघडेल. ते मी पत्करलं.

काकांचा फोन

काकांची गोष्ट वेगळी ठेवावी लागली. मागच्या वर्षी त्यांना मेसेज आला होता: आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, मागचं बिल अपडेट नाही, या नंबरवर फोन करा. महावितरणनं अशा मेसेजांबद्दल वारंवार सावध केलेलं आहे, पण वाचताना माणूस घाबरतो. काका तेव्हा एसटी स्टँडवर होते. नंबर लावायच्या आधी त्यांनी मावशीला फोन केला, म्हणून वाचले. आता मेसेजमध्ये नंबराऐवजी दुवे येतात. आणि ते दुवे माणूस घराच्या वायफायवर बसला असतानाच येतात असं थोडंच आहे? डब्यातली सेटिंग स्टँडवर उपयोगाची नाही.

त्यांच्या फोनच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये क्वाड९ चं नाव टाकलं, डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट. ते टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं. हे मोबाइल डेटावरही चालतं, विचारणा बंद पाकिटात जाते आणि फसवणुकीच्या म्हणून ओळखलेल्या साइटींचा पत्ता दिलाच जात नाही. क्वाड९ सुरू झाली तीच या कामासाठी. काकांना प्रौढांच्या साइटींची गाळणी नको, फसव्या साइटींची हवी, म्हणून हीच योग्य.

त्यांना मर्यादाही सांगितली. सकाळी तयार झालेली फसवी साइट दुपारपर्यंत कुठल्याच यादीत नसू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी एपीके फाइल पाठवली तर डीएनएस ती अडवत नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्याला तर नाहीच नाही. काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आधी तुमच्यापैकी कुणालातरी फोन लावायचा, हे आहेच?" आहेच, काका.

या सेटिंगचा एक त्रास असतो. दवाखान्यात किंवा स्टेशनवर लॉगिनचं पान येणारं वायफाय असेल तर ८५३ चं दार बंद असू शकतं आणि मग फोन म्हणतो नेटच नाही. तेव्हा प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर आणायचा, काम झालं की परत नाव टाकायचं. मी हे त्यांच्याकडून तीनदा करवून घेतलं. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा न लावता केलं.

पुढचे तीन महिने

भावानं महिन्याभरात प्लॅन परत ५० वर आणला. कुणाला फरक जाणवला नाही. पतसंस्थेची साइट एकदा दिवसभर उघडेना, तेव्हा मला फोन आला. पाहिलं तर साइटच बंद होती, डीएनएसचा संबंध नव्हता. भाचीनं एकदा अडलेलं पान कळवलं, रेखाचित्रं शिकवणारी साइट होती. सेवेला कळवण्याचा फॉर्म भरला आणि तिचं ते प्रकरण तोवर फोनच्या डेटावर पार पडलं.

जानेवारीत वीज कडाडून डबा जळला. केबलवाल्याचा मुलगा नवा डबा लावून गेला आणि जुनी सगळी सेटिंग त्याच्याबरोबर गेली. संध्याकाळी पुन्हा चक्र फिरायला लागलं. या वेळी फोन आला तो मला विचारायला नाही, सांगायला. निघताना मी एका कागदावर पत्ते, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही पानांची नावं आणि १९२.०.२.१ ची युक्ती लिहून देवघराच्या फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. भाचीनं टॉर्चच्या उजेडात तो वाचून दाखवला, भावानं आकडे भरले आणि मावशीनं महावितरणची साइट उघडून पाहिली.